बोहारणीचं पोस्टर

किस्से कसे साठतात हे पोस्टर चिकटवणाऱ्याला विचारा. भिंतीवर एक पोस्टर लागतं, आठवड्याने त्याच्यावर दुसरं, मग तिसरं. वर्षभराने कोपरा धरून ओढलंत तर बोटभर जाडीचा थर हातात येतो, आणि आत कुठलातरी विसरलेला डोळा तुमच्याकडे बघत असतो. माझं डोकं आता तसलंच झालंय. एक सांगायला घ्यावं, तर खालचे पाच सुटून येतात. घरचे पाहुण्यांना आधीच बजावून ठेवतात, यांना काही विचारू नका म्हणून. त्यामुळे कोणी चुकून विचारलं की मला फार बरं वाटतं.

गेल्या महिन्यात शिवाजी पार्कला जावयाच्या एका डॉक्टर मित्राकडे जेवायला गेलो होतो. बघतो तर दिवाणखान्यात, एसीच्या खाली, सोनेरी फ्रेममध्ये आमचं पोस्टर! गच्चीच्या कठड्यावर बसलेले तीन पोरगे, पाण्याच्या टाकीवर पाय सोडून बसलेली पँटमधली एक पोरगी, मागे गिरण्यांची धुराडी आणि वर लाल अक्षरात ‘गच्चीवरचे चौघे’. डॉक्टर म्हणाले, व्हिंटेज आहे, ओरिजिनल. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "त्या मुलीच्या पायांत काय ग्रेस आहे बघा. आजच्या मॉडेल्सना जमायचं नाही." मी माझे पाय हळूच खुर्चीखाली घेतले.

ते पाय माझे आहेत.

*

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. लालबागला एका गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर आमचं सिनेमाच्या पोस्टरांचं दुकान होतं. खाली शाडूची माती, वर रंग पुसायच्या टर्पेनचा वास. माणसं चार. मास्तर चेहरे काढायचे. दत्तू अक्षरं टाकायचा. मी आभाळ, इमारती, झाडं, म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते सगळं. आणि चौथा वसंता, मास्तरांचा मुलगा. चेहऱ्याला हात लावायची परवानगी त्या एकट्याला होती, पण दुकानात त्यानेसुद्धा बापाला मास्तरच म्हणायचं, असा नियम होता.

मी गिरगावचा, कारकुनांच्या घराण्यातला. मी एका छापखान्यात चिकटलोय अशी माझ्या वडिलांची समजूत होती, आणि मी ती मोडली नाही. मास्तर मालवणकडचे. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "गिरगाव, आभाळ सुकला काय रे?" असं विचारायचे.

मास्तरांचं एक शास्त्र होतं. डोळे कोणीही काढतो, ओठ तर सुपारी चघळत काढता येतात, माणूस असतो तो नाकात. कामाला येईल त्याला ते आधी नाक काढायला लावायचे. माझं नाक त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तू ढग काढ." दत्तूचं नाक बघून म्हणाले, "ह्यो ‘ग’ बरो इलो." तेव्हापासून तो अक्षरांत.

वसंताचं नाक मात्र खरोखर चांगलं यायचं. त्याचा हात बापापेक्षा हलका होता. आम्हाला ते दिसत होतं, मास्तरांना तर आमच्या आधी दिसलं असणार. एक दिवस भर दुपारी, आमच्या देखत, वसंताने चार दिवस खपून रंगवलेला एक चेहरा त्यांनी पाहिला, टर्पेनचं फडकं उचललं आणि नाक पुसून टाकलं. "नाक चुकला," एवढंच म्हणाले. वसंताने ब्रश धुतले, ओळीने ठेवले, चपला घातल्या आणि जिना उतरला. आम्हाला वाटलं, चहाला गेला.

चहाला गेलेला माणूस अकरा महिने आला नाही.

मास्तर त्याचं नाव काढत नसत. पण जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांचा ब्रश थांबायचा, दर वेळी. पाऊल खालच्या कारखान्यात वळलं की पुन्हा चालू. त्यांना एकच हवं होतं, पोरगा परत यावा. त्यासाठी ‘ये’ म्हणायचं सोडून बाकी काहीही करायची त्यांची तयारी होती.

*

आता डब्याचं ऐका. मास्तरांचं बिऱ्हाड वरळीच्या बीडीडी चाळीत. तिथून काकी, म्हणजे मास्तरांची बायको, बापलेकांचा डबा पाठवायची. वसंता गेला तरी डबा दोघांचाच येत राहिला. मास्तर आपला अर्धा खायचे, उरलेला अर्धा तसाच उघडा ठेवून खिडकीकडे बघत बसायचे. आम्ही ब्रश पुसत बसायचो. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी दत्तू म्हणाला, "मास्तर, बांगडा थंड होतोय," आणि मांडी घालून बसलाच.

तेव्हापासून वसंताचा डबा दत्तूचा झाला. गडी असा सुटला की दिवाळीला त्याला सगळे सदरे नव्याने शिवावे लागले. मी त्याला चिडवायचो, अरे लेका, अशाने वसंताला शोधायला तूच पहिला नकार देशील. तो म्हणायचा, अन्नाला नाही म्हणू नये.

एकदा काकी स्वतः दुकानावर आल्या होत्या तेव्हा मी विचारलं, अजून दोघांचा डबा कशाला पाठवता? काकी पदराने डब्याची कडी पुसत होत्या. म्हणाल्या, "एकाचा जेवाण करूक हात बसणा नाय रे."

दत्तूने त्या दिवशी पानातला भात तसाच टाकला.

*

अशात भाऊसाहेब आले. हे निर्माते. यांचा केस वाढवायच्या तेलाचा कारखाना होता आणि स्वतःला चकचकीत टक्कल. पहिलाच पिक्चर काढत होते. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मास्तर, पिक्चर बोहेमियन लाइफवर आहे. पोस्टरमध्ये ते बोहेमियन वातावरण आलं पाहिजे." मास्तरांनी मान डोलावली. न समजल्याची कबुली द्यायची सवय त्यांना नव्हती.

आठ दिवसांनी त्यांनी कच्चं चित्र समोर ठेवलं. ठसठशीत बोहारीण, डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं, आणि समोर एक बाई जरीच्या लुगड्यावर मोठं पातेलं मागतेय. भांड्यांची चकाकी अशी की हात लावून बघावंसं वाटावं. भाऊसाहेबांनी विचारलं, ही कोण? मास्तर म्हणाले, "तुमची बोहारीण."

मग भाऊसाहेबांनी समजावून सांगितलं. एक चित्रकार, एक कवी, एक पेटीवाला आणि एक गाणारी मुलगी घर सोडून मुंबईत येतात, एका गच्चीवरच्या खोलीत राहतात. आईबापाचं ऐकत नाहीत, पावात आमलेट घालून जेवतात, दहा वाजता उठतात, आणि असं करता करता शहाणे होतात.

‘घर सोडून’ म्हटल्याबरोबर मी आभाळात तोंड घातलं. दत्तू अक्षर नसलेल्या जागेवर ब्रश फिरवायला लागला. मास्तरांनी विचारलं, "आणि शेवटाक घराक येतत?"

भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले, छे, येत नाहीत, मॉडर्न पिक्चर आहे.

"मगे शेवट चुकलो हा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी काम घेतलं. बोहारणीचं चित्र दत्तूने मागून नेलं, त्याच्या आईने ते भांड्यांच्या फळीवर लावलं. पण आमच्यात त्या कामाला नाव पडायचं ते पडलंच. पिक्चरचं नाव काहीही असो, आमच्यासाठी ते शेवटपर्यंत बोहारणीचं पोस्टर.

*

हिरॉइनचा फोटो आला तो कमरेपर्यंतच. भाऊसाहेबांना तर ती टाकीवर बसलेली हवी, तीसुद्धा पँटमध्ये. त्या काळात लालबागला पँट घातलेली बाई कुठून आणणार? दत्तूने सुचवलं, गिरणीतल्या एका टाइमकीपरच्या बहिणीला विचारू. मग त्याला त्या टाइमकीपरचे दंड आठवले आणि त्याने ते मागे घेतलं. मास्तरांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "गिरगाव, तुझे पाय बारीक."

तीन दिवस सकाळी मी रंगाच्या पिंपावर बसलो. एक पाय खाली सोडलेला, दुसरा जरा मुडपून. गुडघा आत घे, मास्तर सांगायचे, जरा लाजल्यासारखा. लाजायला वेगळं काही करावं लागत नव्हतं, कारण खाली गणपतीची ऑर्डर द्यायला आलेले लोक जिन्यात उभे राहून बघत होते. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, ह्या कुठल्या देवाचं ध्यान?

पोस्टर लागल्यावर हिरॉइनच्या नावाने भाऊसाहेबांकडे पत्रं आली. त्यातल्या दोघांनी तर त्या पायांवर कविता केल्या होत्या. एक कवी आमच्याच चाळीतला, माझ्या बरोबरीचा, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चौपाटीवर फिरायला येणारा. आम्ही अजून भेटतो. मी त्याला सांगितलेलं नाही.

*

पाय झाले, मुलीचा चेहरा झाला, दोन पोरगे झाले. राहिला मधला, चित्रकार, म्हणजे पिक्चरचा हिरो. त्याचा फोटो खिळ्याला टांगलेला होता. मास्तरांनी चित्राभोवती जुनं धोतर बांधलं आणि चार दिवस कोणाला आत बघू दिलं नाही. आम्हाला नुसता टर्पेनचा वास यायचा, त्यावरून कळायचं की पुसापुशी चाललीय. त्यांनी नाक तीन वेळा पुसलं. ज्या माणसाने अख्ख्या लालबागला नाक शिकवलं, त्याला नाक जमेना.

पाचव्या दिवशी धोतर काढलं आणि दत्तू पुटपुटला, "गिरगावा, हा तर आपला..." मी त्याच्या पायावर पाय दिला. कठड्यावर मधोमध वसंता बसला होता. तेच कपाळ, तीच डावी भुवई वर, तेच मान वाकडी करून बघणं. मास्तर हात धूत होते. ते वळले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

भाऊसाहेबांना मात्र लगेच कळलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. हा कोण? मास्तर म्हणाले, तुमचो हिरो. भाऊसाहेब म्हणाले, माझा हिरो मी रोज बघतो, तो असा दिसत नाही. मला वाटलं, झालं, आता हाही चेहरा पुसणार, पण मास्तर तर फडक्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभे. शेवटी असं ठरलं की हिरोलाच आणून दाखवायचं.

हिरो गाडीतून आला. नाकाला रुमाल लावून माळा चढला. चित्रासमोर उभा राहिला. एकदा मान इकडे केली, एकदा तिकडे.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "डावीकडून मी असाच दिसतो."

इतका खूश झाला की पुढे त्याने भांगसुद्धा वसंतासारखा पाडायला सुरुवात केली.

*

चित्र तयार, अक्षरं बाकी, छापखान्याची तारीख डोक्यावर, आणि दत्तू लॉकअपमध्ये! पहाटे उठून भिंतीवर गेरूने चळवळीच्या घोषणा लिहायच्या आणि नऊ वाजता दुकानात यायचं, हा त्याचा नेम होता. त्या आठवड्यात मोर्च्याबरोबर तोही उचलला गेला. आमच्याकडे दुसरा अक्षरवाला नव्हता. मास्तरांनी मला ‘ग’ काढून बघायला सांगितला. बघितला आणि म्हणाले, "तू लॉकअपात जा."

मी कागद, ब्रश आणि शाई घेऊन गेलो. दारावरचा हवालदार आपल्याच लोकांतला. त्याने बाटलीचा वास घेतला, कागद उलटसुलट केला आणि आत दिला. दत्तूने आधी हात बसावा म्हणून कोळशाने भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं, ‘गच्चीवरचे चौघे’. मग कागदावर नाव आणि खालची ओळ उतरवून दिली. बाकीची मंडळी घोषणा देत होती, हासुद्धा अधूनमधून ब्रश वर करून देत होता. मी कागद वाळवून छापखान्यात पळालो.

दुपारी साहेब आले आणि त्यांनी भिंत वाचली. कोण चौघे? कुठल्या गच्चीवर? दत्तूने सांगितलं, साहेब, पिक्चर आहे. साहेब म्हणाले, सगळे असंच सांगतात. संध्याकाळपर्यंत शिपायांनी लालबागच्या गच्च्या पालथ्या घातल्या. एका गच्चीवर खरोखर चार जण सापडले. चार म्हाताऱ्या, पापड वाळत घालत होत्या. त्यांनी शिपायांना उन्हातून आलात म्हणून आधी पाणी दिलं आणि मग कावळे हाकलायला बसवलं.

*

आता ती खालची ओळ. भाऊसाहेबांनी दिलेला मजकूर होता, ‘पाहिलाच पाहिजे!’ छापून आलं ते असं:

गच्चीवरचे चौघे
झालाच पाहिजे!

दत्तूचा दोष नाही हो. माणूस दोन वर्षं रोज पहाटे तेच लिहितोय, लॉकअपमध्ये दिवसभर तेच ओरडतोय, ‘लाच पाहिजे’च्या आधी दुसरं काही येऊ शकतं हे हाताला कसं कळणार? आणि त्याचं सोडा. मी वाचलं होतं. मास्तरांनी वाचलं होतं. छापखान्याच्या माणसाने दोनदा वाचलं होतं. एकालाही चूक दिसली नाही. सगळ्यांना वाटलं, बरोबरच तर आहे.

भाऊसाहेब पोस्टर हातात घेऊन तणतणत आले. तोवर दत्तू सुटून आला होता आणि डब्यावर बसला होता.

"काय झालाच पाहिजे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"पिक्चर," दत्तू म्हणाला.

"पिक्चर झालाय रे गाढवा!"

"मग राज्यही होईल," दत्तू म्हणाला आणि त्याने तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, आमटीत भात कालवला.

पण पोस्टरं भिंतीवर लागली होती, आणि गंमत तिथून पुढे आहे. पिक्चर दोन आठवड्यांत उतरला. शेवट चुकला होता, मास्तर म्हणाले होते तेच झालं. एरवी उतरलेल्या पिक्चरवर दुसऱ्या दिवशी नवा कागद बसतो. पण गिरगावात, परळला, लालबागला त्या ओळीवर कागद डकवायला कोणी पोस्टरवाला धजेना. काही ठिकाणी पोलिसांनी खालची ओळ खरवडली, तर सकाळपर्यंत कोणीतरी गेरूने परत लिहिलेली. वरच्या चेहऱ्याला मात्र दोघांनीही हात लावला नाही. असा वसंता महिनोन्‌महिने भिंतीभिंतींवर बसून राहिला. मास्तर त्या दिवसांत घरी जाताना लांबच्या रस्त्याने जायचे. कुठल्या रस्त्याने, ते आम्हाला माहीत होतं.

*

वसंताने नंतर सांगितलं ते आधी सांगतो.

आम्हाला कोणी म्हणायचं तो कोल्हापूरला स्टुडिओत आहे, कोणी म्हणायचं बोटीवर लागला. पठ्ठ्या होता भायखळ्याला! घटकाभर चालायच्या वाटेवर, भाजी मार्केटपाशी, दुकानांच्या पाट्या रंगवत. त्याने काढलेली वांगी बघायला माणसं थांबायची म्हणे. मग ते पोस्टर लागलं आणि भाजीवाले त्याला काम देईनात. "हिरो," म्हणायचे, "गरिबाची चेष्टा करतोस?" त्याने शपथा घातल्या, हा मी नव्हे. एक भाजीवाली त्याला हाताला धरून पोस्टरसमोर घेऊन गेली आणि म्हणाली, "तू नव्हेस? मग एवढ्या मायेने कोणाला काढलंय?"

त्याने पोस्टर तोवर लांबूनच पाहिलं होतं. त्या दिवशी जवळून पाहिलं.

आमच्याकडे जेवणाची वेळ झाली होती. छापखान्यातून परत आलेलं मूळ चित्र भिंतीवर टांगलेलं होतं. मास्तर पाटावर बसले होते, दत्तूने डब्याचं झाकण काढलं होतं. जिन्यावर पाऊल वाजलं. मास्तरांचा घास हातात राहिला. पाऊल खाली वळलं नाही, वर आलं.

वसंता वाळला होता. त्याने चपला काढल्या, आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही, सरळ चित्रापाशी गेला आणि मान वाकडी करून उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "नाक चुकला."

मास्तर उठले. हात धुतले. खिळ्यावरचं फडकं काढलं, टर्पेनमध्ये बुडवलं, नीट पिळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"मगे पूस."

दत्तूने डब्यावर झाकण ठेवलं आणि डबा वसंताच्या जागेकडे सरकवला.